वैशाखातली गाजरं

इंदूर, ९ जानेवारी १९५६

चुलीपुढे जन्म काढलेल्या माझ्या भगिनींनो,

तुमच्या हातची चव गावभर फिरते आणि तुमचं नाव मात्र उंबऱ्याच्या आत राहतं, ही तुमची-माझी सगळ्यांची तक्रार आहे. ती कुणी ऐकत नाही, कारण आपण ती वाढता वाढता सांगतो आणि जेवणाऱ्याचं लक्ष ताटात असतं. आज मी ताट बाजूला सारून बोलणार आहे.

नंदू, घाबरू नकोस. पत्र तुलाच आहे. लेखणी हातात घेतली की माझ्यासमोर आपोआप दोनशे बायका येऊन बसतात, त्याला माझा इलाज नाही.

परवा आमच्या शाळेच्या संमेलनाला ग्वाल्हेरहून आलेल्या एका अधिकाऱ्यांच्या पत्नीने डबा उघडला. म्हणाल्या, "हा आमच्या पाहुणेखान्याचा तात्यासाहेबी केक. गाजराचा आहे, खरं वाटणार नाही. तात्यासाहेब अष्टपुत्र्यांनी स्वतः शोधून काढलाय." तात्यासाहेब म्हणजे तुझे सासरे. मी एक घास घेतला आणि हात थांबला. गूळ, वेलची, आणि दाताखाली येणारे ते बारीक रवाळ कण. बारा वर्षांपूर्वी तुझ्या सासरहून मला एक डबा आला होता. सोबत चिठ्ठी होती: 'ताई, काहीतरी बिघडलं आणि हे झालं. खाऊन बघ. मेली नाहीस तर कळव.' मी मेले नाही. कळवायचं राहिलं. पण जीभ विसरली नाही.

घरी येऊन पुस्तकं काढली. गाजराचा गोड पदार्थ इंग्रजांकडे फार जुना. साखर महाग होती तेव्हा गोडीसाठी गाजर घालत. केक म्हणून त्याच्यावर कुणी स्वित्झर्लंडचा हक्क सांगतो, कुणी इंग्लंडचा. एवढ्या पानांत एका बाईचं नाव सापडलं नाही. 'भाकरी नसेल तर केक खा' हे वाक्य मात्र फ्रान्सच्या राणीच्या नावावर आहे, आणि ते ती म्हणालीच नव्हती असं जाणकार लिहितात! म्हणजे बाई जे बोलली नाही ते तिच्या नावावर, आणि तिने जे केलं ते दुसऱ्याच्या.

मला खरं काय ते कळव. आणि दुसरं, याहून महत्त्वाचं. आमच्या महिला संस्थेत जुलैपासून पाकशाळा उघडतेय. शिक्षिका हवी आहे. राहायला आवारातच खोली. अर्जाचा कागद सोबत जोडला आहे. तू एकतीस वर्षांची आहेस, तुझ्यापुढे निम्म्याहून जास्त आयुष्य पडलंय.

तुझी
शालिनीताई


खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
२२ जानेवारी १९५६

ती. शालिनीताईस सुनंदाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र उघडलं, 'भगिनींनो' वाचलं आणि मागे वळून पाहिलं, की आणखी कोणकोण उभ्या आहेत. सासूबाई होत्या आणि कोनाड्यात मांजर होती. दोघींना तुझा नमस्कार सांगितला.

केकचं विचारतेस, तर सांगते. युद्धातला पौष होता. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. साखर चिठ्ठीवर मिळायची, तीही संपलेली. मामंजी तेव्हा संस्थानच्या पाहुणेखान्याचे व्यवस्थापक होते. मुरारच्या छावणीतून कुणी कर्नल आणि त्याची बायको चहाला यायची होती, आणि खानसामा तापाने पडला. मामंजी बारा वाजता घरी आले, डोक्यावरची पगडीही न काढता म्हणाले, "चार वाजता केक पाहिजे." जशी काही कोथिंबीरच मागताहेत!

सासूबाई म्हणाल्या, "त्यात अंडं असतं म्हणे."

"अंडं या घरात येणार नाही. केक चार वाजता जाणार."

मी त्या वेळी चुलीवर गाजराच्या हलव्याचं दूध आटवत होते. साखर नव्हती म्हणून शेवटी गूळ घालायचा होता, खाली उतरवून, निवल्यावर. पण मामंजी दाराशी उभे. घाबरून मी गुळाचा खडा उकळत्या दुधातच टाकला. दूध नासलं. एवढं लहान पोरीलाही कळतं गं, पण माझी नजर दाराकडे होती. टाकून द्यायची छाती नव्हती. त्यातच कणीक कालवली, तूप, दही, चिमटीभर सोडा, वेलची. तांब्याच्या पातेल्यात ओतलं, पातेलं तापल्या वाळूच्या कढईत बसवलं, झाकणावर निखारे ठेवले आणि देवघरात जाऊन बसले.

साडेतीनला सासूबाईंनी झाकण उचललं. म्हणाल्या, "अगं, फुगलंय!"

पाहुणेखान्याचा शिपाई दौलतसिंह टोपलीतून घेऊन गेला. संध्याकाळी रिकामं पातेलं घेऊन परत आला. "बहूजी, मेमसाहब ने चूरा तक नहीं छोड़ा. पूछ रही थीं, किसने बनाया."

"मग?"

"तात्यासाहेब बोले, हमारे घर का है."

ताई, मला तेवढ्यानेही आनंद झाला. घरात मीही होतेच की. पुढे 'आमच्या घरचा' हा 'माझा' कधी झाला, ते कळलं नाही. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, पाहुणेखाना सरकारकडे गेला. बाकी जुनी माणसं एकेक करून घरी बसली. मामंजी राहिले ते केकमुळे. नवे साहेब आले की दौलतसिंह टोपली घेऊन येतो, "बहूजी, तात्यासाहेब का केक." आता मी दूध मुद्दाम नासवते. मामंजींना ते ठाऊक नाही. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच येतात.

हे जाऊन आता सहा वर्षं होतील. मूलबाळ नाही. या घराची रीत अशी, की सून माहेरी जायची तर माहेरचं माणूस मुराळी म्हणून दाराशी न्यायला यावं लागतं. आपला दादा होता तोवर दर दिवाळीला यायचा, एका हातात नारळ, दुसऱ्यात लाडवांचा डबा. दादा गेला, आई गेली. सहा दिवाळ्या झाल्या, मुराळी आला नाही. मी गल्लीच्या तोंडाशी देवळात जाते आणि येते, तेवढंच. माझा केक मुरारला जातो, पडावावरच्या स्टेशनात जाऊन गाडीत बसतो, आता इंदूरही पाहून आला. मी सहा वर्षांत पडाव पाहिला नाही.

अर्ज तुरीच्या डब्यात लपवून ठेवलाय. होळी झाली की मामंजींचा चेहरा पाहून विचारीन. सध्या राजधानी भोपाळला जाणार या बातमीने ते धास्तावले आहेत, तेव्हा आत्ता नाही. तोवर हे कुणाला बोलू नकोस. बोलणं हा तुझा धंदा आहे, म्हणून मुद्दाम विनवते आहे.

तुझी
नंदू


इंदूर, १३ फेब्रुवारी १९५६

प्रिय नंदू,

तू बोलू नकोस म्हणालीस. मी पंधरा दिवस गप्प बसले, हा माझ्या आयुष्यातला विक्रम आहे. काल मोडला.

महिला परिषदेची सभा होती. माझा विषय होता 'श्रम आणि श्रेय'. मी तयारी करून गेले होते, जगभरातले दाखले होते, आकडे होते. पण समोर पाहिलं तर बायका जांभया देताहेत. तेव्हा तुझं पत्र माझ्या पिशवीत जणू पेटलं. मी दाखले बाजूला ठेवले आणि नासलेल्या दुधाची गोष्ट सांगितली. तुझं नाव घेतलं. तुझ्या घराचं नाव घेतलं. घेतल्याशिवाय अर्थच नव्हता, नंदू! निनावी अन्यायाला कोण भीक घालतं?

मी म्हटलं, "संस्थानं विलीन झाली तेव्हा निदान करारावर राजांच्या सह्या तरी घेतल्या. घराघरांत जी बाई विलीन झाली, तिची सही कुठे आहे? दाखवा मला तो कागद!" तीनशे बायका उभ्या राहिल्या. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. आज पेपरात आलंय, कात्रण पाठवते. 'गाजराच्या केकची खरी जननी' असा मथळा आहे.

आता मागे फिरू नकोस. होळी कशाला हवी? सासऱ्यांचा चेहरा काय बघायचा? आणि ते मुराळ्याचं काय घेऊन बसलीस! न्यायला कुणी येईल तेव्हा बाईने निघायचं, ही रीत नव्हे, वेसण आहे. तुला दोन पाय आहेत. अर्ज भर, गाठोडं बांध आणि आपल्या पायांनी बाहेर पड. पडाव तुझ्या दारापासून किती लांब आहे?

वाट पाहते. सभागृहातल्या टाळ्या तुझ्या होत्या, त्या या पत्रातून पाठवते आहे.

शालिनीताई


खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
२४ फेब्रुवारी १९५६

चि. कु. शालिनी हीस तात्यासाहेब अष्टपुत्रे यांचे अनेक आशीर्वाद.

आपले भाषण वर्तमानपत्रात वाचले. आमच्याकडे ते तिघांनी तीन ठिकाणांहून आणून दिले. त्यांपैकी एक पाहुणेखान्याचे मोठे साहेब. त्यांनी हसून विचारले, "तात्यासाहेब, अब केक किसका कहें?" चाळीस वर्षे आम्ही या खात्यात काढली. तीन राजवटींचे अधिकारी आम्ही जेवू घातले. असा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता.

आपण बहुश्रुत आहात, म्हणून वस्तुस्थिती कळवितो. सदर केक आम्ही १९४२ सालच्या वैशाखात, एका कर्नलसाहेबांच्या मेजवानीसाठी प्रथम करविला. त्या वेळी सूनबाई या घरात आलेल्याही नव्हत्या. कृती आमची, मापे आमची, देखरेख आमची. हात कोणाचे होते हा प्रश्न उद्भवत नाही. इमारत बांधणाराची असते, गवंड्याची नव्हे.

आमच्या घरात बायकांची नावे बाहेर घेत नाहीत. तो त्यांचा अपमान नव्हे, तो अदब आहे. आपले लग्न झाले असते तर हे सांगावे लागले नसते.

नोकरीचा अर्ज तुरीच्या डब्यात मिळाला. तो परत पाठवीत आहे. नवे राज्य झाल्यावर आम्हांस भोपाळच्या नव्या पाहुणेघरासाठी बोलावणे येईल असे दिसते. सूनबाई आमच्यासोबत येतील. त्यांची प्रकृती बरी नसते, तेव्हा पत्रव्यवहाराची दगदग त्यांना देऊ नये. सोबत त्यांचे चार शब्द जोडले आहेत, म्हणजे आपली खात्री होईल.

कळावे, लोभ असावा.

तात्यासाहेब अष्टपुत्रे


(त्याच पाकिटात)

२४ फेब्रुवारी १९५६

ती. शालिनीताईंस सा. नमस्कार वि. वि.

मागील पत्रात मी केकबद्दल जे लिहिले ते गमतीने लिहिले होते. ते खरे नव्हे. केक मामंजींचा आहे. तो त्यांनी १९४२ च्या वैशाखात केला. त्या वैशाखात पडावाच्या बाजारात लाल गाजरांचे ढीग लागले होते आणि गाजरे फार गोड होती, असे सर्व जण सांगतात. मामंजींनी ती स्वतः निवडून आणली.

मला येथे कसलाही त्रास नाही. मला नोकरीची इच्छा नाही. भोपाळची हवा चांगली आहे असे ऐकते. आपण माझी काळजी करू नये व पत्र पाठवू नये.

आपली
सुनंदा अष्टपुत्रे


इंदूर, ३० सप्टेंबर १९५६

नंदू,

हे पत्र तुझ्या हाती पडेल ते दौलतसिंहाच्या टोपलीतून. टपालाने पाठवलेली पाच पत्रं तुला मिळाली नसावीत. त्यांपैकी पहिलं मिळालं नसेल तर फार बरं. तुझे ते चार शब्द वाचून मी इतकी चिडले, की तुला भित्री म्हटलं, विकली गेलेली म्हटलं. ते पत्र तुझ्या सासऱ्यांनी फाडलं असेल तर त्यांचा माझ्यावर एवढा एक उपकार राहिला.

मला काय झालं होतं, सांगते. तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि कोपऱ्यात फेकलं. मी सगळ्या जगाचं वाचते, नंदू, आणि माझ्या बहिणीच्या बारा ओळी मी नीट वाचल्या नाहीत. मे महिन्यात आमच्या संस्थेचं प्रदर्शन होतं. मनात आलं, तुझा केक आपणच करावा आणि चिठ्ठी लावून मांडावा. पिशवी घेऊन बाजारात गेले आणि भाजीवालीला म्हटलं, "दोन शेर गाजरं दे, लाल."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "सुन री! बाईजी वैशाख में गाजर माँग रही हैं!" दोघी हसून हसून टोपल्यांवर आडव्या झाल्या. मीही त्यांच्याबरोबर हसले, पिशवी हलवत चार पावलं आले, आणि भर रस्त्यात उभी राहिले.

वैशाखात पडावावर लाल गाजरांचे ढीग!

थंडी संपली की जे गाजर डोळ्यांना दिसत नाही, त्याचे तू ढीग लावलेस. त्यांच्या देखत, त्यांच्याच समोर बसून. आणि मी तुला भित्री म्हटलं.

परवा दौलतसिंह मला शोधत आला. उन्हाळ्यात मध्यभारताचं सरकार इंदूरला येतं, त्यामुळे इतके महिने तो साहेबलोकांबरोबर इथेच होता, आणि परत जायची वेळ आली तेव्हा कुठे त्याला माझी शाळा सापडली. म्हणाला, "दीदी, आपका भाषण बहुत अच्छा था. उसके बाद बहूजी का मंदिर जाना बंद हो गया." एवढंच म्हणाला. आजवर माझ्या भाषणावर पुष्कळ टीका झाली आहे, पण अशी कुणी केली नव्हती. तुला जी गोष्ट झाकून ठेवायची होती ती मी तुझ्या नावानिशी तीनशे जणींपुढे वाढली, टाळ्या माझ्या खिशात घातल्या आणि कडी तुझ्या दाराला लागली. श्रम तुझे, श्रेय माझं. मग तुझ्या सासऱ्यांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

आता माझ्या हातात तुझे आणि त्यांचे असे दोन कागद आहेत. वैशाखातल्या गाजरांवर एक लेख लिहिला, तर तात्यासाहेबांना भोपाळात कुणी उभं करणार नाही. लेख माझ्या डोक्यात तयार आहे, शेवटच्या वाक्यासकट. पण या वेळी मी आधी तुला विचारते. पाकशाळेत दिवाळीपर्यंत तात्पुरती बाई आहे, जागा अजून तुझी आहे. मी काय करू ते तू सांग. जे सांगशील तेवढंच करीन, त्याच्यापुढे एक शब्द नाही.

शालिनीताई


खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
१५ ऑक्टोबर १९५६, दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. शालिनीताईस,

दौलतसिंहाने टोपली सासूबाईंकडे दिली आणि म्हणाला, "माँजी, नीचे का कपड़ा आप ही उठाइयेगा." सासूबाईंनी तुझं पत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "मोठ्याने वाच. मलाही ऐकायचंय." वाचलं. भाजीवालीच्या ठिकाणी त्या इतक्या हसल्या, की मी त्यांना पाणी दिलं. तेरा वर्षांत मी त्यांना अशा हसताना पाहिलं नव्हतं.

झालं काय ते सांगते. कात्रण आलं त्या दिवशी मामंजी ओरडले नाहीत. कागद चौपदरी घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "हे तू कळवलंस?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी उमाजी सुताराला बोलावून त्यांनी मागच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. उमाजी मान खाली घालून म्हणाला, "कडी तर लोक आतून लावतात, साहेब." मामंजी म्हणाले, "चोरांचं भय वाढलंय." तेव्हापासून देऊळ बंद. समोरच्या दाराशी त्यांची आरामखुर्ची असते, मागे कडी. मधे मी, चूल आणि वाळूची कढई. गल्लीत भाजीवाला ओरडतो, त्यावरून मला कळतं कुठला महिना आला ते.

ते चार शब्द लिहिले ती गंमत ऐक. मामंजी येरझारा घालत सांगत होते, मी लिहीत होते. ते 'वैशाख' म्हणाले आणि मी मान वर केली. त्यांनी जन्मात भाजी आणलेली नाही, त्यांना काय ठाऊक! गाजरांच्या ढिगांची ओळ मी माझी घातली. त्यांनी पत्र वाचलं, त्या ओळीशी थांबले. म्हणाले, "हे छान लिहिलंयस." आणि पुढे स्वतःच भर घातली, "लिही, मी स्वतः निवडून आणली."

मला वाटलं, ताईला लगेच कळेल. तुझं उत्तर येईना. मी रोज टपालाच्या वेळी कान देऊन बसायची. मग जुलै गेला. मग मी कान देणं सोडलं.

तू विचारतेस, लेख लिहू का. लिहू नकोस. ते गाजर मी तुझ्यासाठी ठेवलं होतं, पेपरासाठी नाही. तुला मामंजी फक्त कात्रणातून आणि पत्रातून ठाऊक आहेत. मी त्यांना रोज बघते. संस्थान गेलं तेव्हा त्यांनी पगडी पेटीत ठेवली. हे गेले तेव्हा त्या पेटीला कुलूप घातलं. आता साहेब त्यांना ओळखतात ते फक्त त्या टोपलीमुळे. ती हातची गेली, तर खुर्चीत बसलेला एक म्हातारा उरेल, ज्याला कुणी रामराम घालणार नाही. हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून कडी आहे. मला त्यांना हरवायचं नाही, ताई. मला निघायचंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या भाषणात त्या एकच झाल्या होत्या.

भोपाळचं बोलावणं आलंय. सोमवारी, एकोणतीस तारखेला निघायचं. सामानाची यादी त्यांनी काल सासूबाईंना वाचून दाखवली. तांब्याचं पातेलं, वाळूची कढई, शेगडी, सूनबाई. मग थांबले आणि म्हणाले, "सूनबाई म्हणजे, सोबत." पण वाचून झालं होतं. तिथे नवं पाहुणेघर, पाठीमागे नोकरांच्या खोल्या, आणि मला तिथे कुणी ओळखणार नाही. तिथून मी निघायची नाही. माझ्याकडे हे दोन आठवडे आहेत, पुढे काही नाही.

यादी ऐकून सासूबाई माझ्याजवळ पाटावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "या गावात तुझ्या आजेसासऱ्यांचं मुळ्याचं लोणचं अजून नाव काढतात ना? मी नऊ वर्षांची असताना घातलं होतं ते. मीठ जास्त पडलं म्हणून वर ताक ओतलं. बेचाळीस वर्षं झाली." त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या बहिणीला कळव, विजयाबाईचा निरोप आहे. रीत मोडायला येऊ नको म्हणावं. रीत मोडायला आलेल्या माणसाला ह्यांनी आयुष्यभर दारातून परत लावलंय. दिवाळीच्या तोंडावर दाराशी आलेला मुराळी परत लावणं मात्र ह्यांना जमायचं नाही. सगळा खासगी बाजार बघत असताना तर नाहीच नाही. आणि मागची कडी बाहेरून आहे ना? त्या वेळी बाहेर मी असेन." मी विचारलं, "बाईमाणूस मुराळी चालतो का?" तर म्हणाल्या, "रीतीत 'माहेरचं माणूस' आहे. ती माणूस आहे ना?"

तू मुराळ्याला वेसण म्हणाली होतीस. असेल. पण माझ्या दाराला दोनच वाटा आहेत, एकीवर खुर्ची आहे आणि दुसरीवर कडी, आणि या घरात त्या खुर्चीला उठवील अशी एवढी एकच गोष्ट मला माहीत आहे. आपल्या पायांनी निघ म्हणालीस, ते मी निघेनच. पहिलं पाऊल उंबऱ्याबाहेर टाकायला मला कुणीतरी समोर उभं हवंय.

हे पत्र सासूबाई फुलांच्या परडीतून देवळात नेतील, तिथून दौलतसिंह पडावावर टपालात टाकील. एवढ्या हातांतून जाणार आहे, तेव्हा नीट वाच, दोनदा वाच.

रविवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी दहाला ये. टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबवू नकोस, दारापर्यंत आण. एका हातात नारळ घे, दुसऱ्यात लाडवांचा डबा. लाडू विकतचे चालतील, तुझ्या हातचे नकोत. मामंजींना वाकून नमस्कार कर. ते 'कुमारी' म्हणतील, म्हणू दे. गाजराचं नाव काढू नकोस, केकचं काढू नकोस, भोपाळचं काढू नकोस. 'भगिनींनो' तर मुळीच नको. या घरात तेरा वर्षं मी सूनबाई आहे आणि सहा वर्षांत मला कुणी नावाने हाक मारलेली नाही.

तू फक्त अंगणात उभी राहा, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्या तुझ्या सभेतल्या आवाजात एकदाच म्हण: "सुनंदा, चल."